‘येस टीचर’ म्हणजे कळलं नाही

(वाचकांचे प्रश्न)

कंबोडियातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी पाच महिने बिनपगारी इंग्रजी शिकवलं, त्याबद्दल मागच्या अंकात चार पानं लिहिली होती. त्यावर निपाणी, खानापूर, अथणी, शहापूर आणि आसपासच्या खेड्यांतून पत्रं आली. त्यातलं एक रागाचं आहे, ते मागं ठेवलंय. रागाच्या पत्राला घाईनं उत्तर देऊ नये असं आमची आजी म्हणायची. तिला आयुष्यात कधी पत्र आलं नाही, ती गोष्ट वेगळी.

ज्यांच्या हाती मागचा अंक लागला नाही त्यांच्यासाठी: मी खानापूर तालुक्यातली, वय चोवीस, बी.ए. इंग्रजी. शाळा बाट्टम्बांग शहरापासून तासभर आत, भातशेतीच्या मधोमध. गेले जानेवारीत, परतले जूनच्या पहिल्या पावसात.

ताई, मी खानापुरात डी.एड. करते. आमच्या सराव पाठाला मुलं गप्प ऐकतात, कारण मागं मॅडम बसलेल्या असतात. तुम्हाला तर तिथली भाषाही येत नव्हती. पहिल्या दिवशी नेमकं काय शिकवलंत आणि ते जमलं कसं?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

जमलं नाही गं. मागच्या लेखात पहिला दिवस मी मुद्दाम गाळला होता. आता विचारलंसच तर सांगते.

जाताना मी बारा काळांचा तक्ता घेऊन गेले होते. साधा वर्तमान, चालू वर्तमान, पूर्ण वर्तमान, अशी सगळी वरात. तक्ता पाठ आहे म्हणून इंग्रजी बोलता येतं असं नाही, हे मला स्वतःवरून माहीत होतं, तरी नेला. रिकाम्या हातानं वर्गात जायची भीती वाटते ना, तशी.

वर्गात ४१ मुलं. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट नाहीतर निळी पँट, पायात सपाता. मी उंबऱ्यात पाय ठेवला तशी सगळी उठली आणि हात जोडून एका सुरात म्हणाली, ‘जुमरिअप सुअ, नेअक क्रू!’ नेअक क्रू म्हणजे बाई. त्यातला ‘क्रू’ हा आपला गुरू. शाळेला ते ‘साला’ म्हणतात, भाषेला ‘फिआसा’. हे मला आधीच कुणीतरी सांगितलेलं, पण कानावर पडल्यावर इतकं घरचं वाटलं की मी वाहवतच गेले. चाळीस मिनिटांत फळा भरून टाकला. मधे मधे थांबून विचारत होते, ‘अंडरस्टँड?’ आणि कौलं उडतील असा आवाज यायचा, ‘येस टीचर!’

दुसऱ्या दिवशी कालचं विचारलं. कुणाला काही येईना. म्हणून वह्या मागवल्या. तक्ता सगळ्यांनी उतरवला होता, पट्टीनं रेघा आखून, सुबक अक्षरात. फळ्यावर माझी ओढणी लागून ‘हॅव’ या शब्दातलं शेवटचं अक्षर पुसट झालं होतं. बऱ्याच वह्यांत तेही तसंच पुसट होतं, पेन्सिल हलकी धरून काढलेलं.

त्या वह्यांनी मला थेट बैलहोंगलला नेऊन बसवलं. सातवीपर्यंत मी गावच्या मराठी शाळेत होते. वडील बसवर कंडक्टर. त्यांची बदली बैलहोंगल डेपोला झाली आणि आठवी-नववी मी कन्नड माध्यमात काढली. कन्नड एक विषय म्हणून आपण सगळेच शिकतो, अक्षरं ओळखता येतात, बाजारापुरतं बोलता येतं. पण गणित, विज्ञान, इतिहास सगळंच त्यातून आलं की पाय जमिनीला लागत नाहीत. सर चांगले होते, कधी ओरडले नाहीत. धडा संपला की विचारायचे, ‘तिळिता?’ कळलं का? आणि सगळा वर्ग म्हणायचा, ‘हौद्री सर!’ मीही म्हणायची, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मोठ्यानं म्हटलं की कुणी आपल्याकडे वळून बघत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. माझी विज्ञानाची वही सर इतरांना दाखवायचे, आकृत्या इतक्या छान. पानाच्या आकृतीतल्या बाणापाशी काय लिहिलंय ते मात्र मला दिवाळीनंतर कळलं.

त्यामुळे ‘येस टीचर’चा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. त्या दिवसापासून मी ‘कळलं का’ विचारणं सोडलं. तूही सोड. त्या प्रश्नाला वर्गात एकच उत्तर असतं, आणि ते भाषा कुठलीही असो, खोटं असतं.

त्याऐवजी करून दाखवायला लावायचं. तक्ता गुंडाळून कपाटावर ठेवला आणि खरा पाठ सुरू केला तो असा: ‘स्टँड अप. सिट डाऊन. टच द डोअर. ओपन युअर बॅग.’ आधी मी बोलायची आणि करायची. मग दोन मुलांना पुढं घेऊन करायची. मग सगळे. शेवटी मी नुसती बोलायची, हातपाय हलवायची नाही. कुणाला कळलं ते इथं दिसतं. जो शेजाऱ्याकडे बघून अर्ध्या सेकंदानं उठतो त्याला कळलेलं नसतं. त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं नाही, फक्त मनात नोंद करायची आणि पुढच्या वेळी त्याच्या जवळ उभं राहून बोलायचं.

दुसरी फजिती मानेची. बाकांमधून फिरताना उत्तर बरोबर दिसलं की मी आपण डोलावतो तशी मान डोलवायची, या खांद्याकडून त्या खांद्याकडे. तीन-चार दिवसांनी लक्षात आलं, पोरं बरोबर उत्तरं खोडरबरानं घासताहेत. केसांना पिवळा रबरबँड लावणारी एक मुलगी होती, खिडकीजवळ बसायची. तिनं ‘मंकी’ तीनदा बरोबर लिहिलं आणि तीनदा खोडलं. कागदाला भोक पडलं. मग माझ्याकडे अशी बघायला लागली की आता तुम्हीच सांगा बाई काय लिहू. त्यांच्या लेखी मान आडवी हलली म्हणजे चूक! वर्गात माझ्याबरोबर तिथले एक तरुण सर असायचे, त्यांनी तोंडावर हात धरून हसत हे समजावलं. चोवीस वर्षांची मान काही सरळ होईना, म्हणून हिरव्या पेन्सिलनं बरोबरची खूण करायला लागले. मी निघेपर्यंत अर्धा वर्ग माझ्यासारखी मान डोलवायला शिकला होता. माझ्या शिकवण्याचा खात्रीनं सांगता येण्यासारखा परिणाम तो एवढाच.

काळांचं पुढं काय झालं, तर तेही सांगते. तिथल्या खमेर भाषेत क्रियापद बदलतच नाही. काल जाणे, आज जाणे, उद्या जाणे. काम उरकलं असेल तर शेवटी ‘हय’ लावायचं, म्हणजे ‘झालं’. त्यामुळे पोरं म्हणायची, ‘यस्टरडे आय गो मार्केट ऑलरेडी.’ पहिले काही दिवस मी हे चूक म्हणून कापत होते. नंतर बघितलं तर त्यात सगळं होतं: कधी, कोण, कुठं आणि काम उरकलं की नाही. मग आधी ‘काल तू काय केलंस’ हे धडधडीत बोलू द्यायचं आणि ‘वेंट’ महिनाभरानं आणायचा, असं मी आणि त्या सरांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे त्यांनी ठरवलं, मी मान डोलावली.

आणि एक. वाराच्या पाठात मजा आली. मी फळ्यावर मंडे लिहिलं, पोरांनी त्यांच्या भाषेत सांगितलं ‘थङै चन’, चंद्राचा वार. बुधवारला ‘पुत’, शुक्रवारला ‘सोक’, रविवारला ‘आतित’, म्हणजे आदित्य. मंगळवारला काय म्हणतात? ‘अंगकिअ’. अंगारक! मी खडू हातात धरून तशीच उभी. आईची अंगारकी डोळ्यांपुढे आली. महिन्यांचंही तसंच, जानेवारी ‘मेअकरा’ म्हणजे मकर, एप्रिल ‘मेसा’ म्हणजे मेष. त्या तासाला इंग्रजी फारसं झालं नाही.

तुमचं इंग्रजी आपल्या बेळगावचंच असणार. परदेशात आपले उच्चार चालतात का? माझी मैत्रीण म्हणते, आधी अ‍ॅक्सेंट सुधारायचा कोर्स कर आणि मगच असल्या गोष्टींचा विचार कर.
— शहापूर, बेळगाव

कोर्सचे पैसे वाचव. त्यापेक्षा खडे बाजारातून एक चांगली सॅक घे.

उच्चारांवरून हसू होणं मला इंग्रजीआधी मराठीनं शिकवलंय. बी.ए. झाल्यावर मी वर्षभर पुण्यात होते. हॉस्टेलवर पहिल्याच रात्री कुणीतरी विचारलं काय करतेस, मी म्हटलं, ‘आत्ताच एक पुस्तक वाचलो.’ खोलीत शांतता आणि मग जो हशा! ‘वाचलो? कुठल्या अपघातातून?’ आपल्याकडं बाई असो की बुवा, ‘मी आलो, मी जेवलो, मी काम केलो’ असंच म्हणतो, त्यात काय चुकलं हे मला पंधरा दिवस कळेना. त्यानंतर वर्षभर मी वाक्य तोंडातून काढायच्या आधी मनात एकदा म्हणून बघायची. त्यामुळे गप्प बसणारं मूल दिसलं की ते मठ्ठ आहे असं मला चटकन वाटत नाही.

माझ्या इंग्रजीनं तिथं गोंधळ घातलाच. एका रविवारी वर्गातली तीन-चार पोरं बाट्टम्बांगला गेली होती. तिथं नदीकाठी त्यांना एक गोरे आजोबा दिसले. पोरांनी धीर करून विचारलं, ‘सर, व्हॉट इज युअर गुड नेम?’ आजोबा म्हणाले, मला वाईट नाव पण आहे की काय? पोरं सोमवारी माझ्याकडे जाब विचारायला. ‘आपलं शुभनाव?’ ही आपल्याकडची रीत आपण इंग्रजीत कोंबलीय हे मला तेव्हा उमगलं. जेवणाच्या डब्याला ‘टिफिन’ म्हणायलाही त्यांना मीच शिकवलं, आणि ‘टीचर’मधला ‘ट’ इतका टणक की टेबलावर आपटावा.

त्यांच्या अडचणी वेगळ्या. खमेरमध्ये शब्दाचं शेवटचं व्यंजन गिळून टाकतात आणि शेवटच्या ‘स’चा तर ‘ह’च होतो. त्यामुळे ‘राइस’, ‘राइट’ आणि ‘राइड’ ऐकायला जवळपास सारखे. यावर माझा एकच उपाय चालला. तोंडासमोर कागदाचा कपटा धरायचा आणि शेवटच्या ‘ट’ला तो हलला पाहिजे. ‘स’ला सापासारखं लांबवायचं. वर्गात अर्धा तास नुसते साप. शेजारच्या वर्गातले सर दोनदा डोकावून गेले.

माझ्याआधी तिथं एक स्कॉटलंडचा मुलगा होता. आम्ही दोन आठवडे बरोबर होतो. त्याचं इंग्रजी मलाच धड कळत नव्हतं, पोरांना माझं लवकर कळलं, कारण मी सावकाश आणि अक्षर अक्षर सुटं बोलते. आपण इंग्रजी तिसरी भाषा म्हणून, घाम गाळून शिकलेली माणसं. कुठं अडखळायला होतं ते आपल्याला आठवतं. त्याला बिचाऱ्याला ‘हे असंच म्हणतात’ यापलीकडे सांगता यायचं नाही.

खर्च किती आला? व्हिसा कुठला? मला एका एजन्सीनं साठ हजार रुपये भरा, सगळी सोय करतो असं सांगितलंय. भरू का?
— बी.कॉम. तृतीय वर्ष, निपाणी

नको. मलाही एकीनं गाठलं होतं, नाव लिहीत नाही. ‘ट्रेनिंग सर्टिफिकेट’च्या नावाखाली बारा हजार घेतले आणि दोन दिवसांची फोनवरची भाषणं ऐकवली. शाळेला ती एजन्सी माहीतच नव्हती. शाळेशी किंवा ती चालवणाऱ्या संस्थेशी तू स्वतः पत्रव्यवहार कर, आणि आधी गेलेल्या दोघांशी फोनवर बोल. तुझे पैसे कुठं जातात हे जो सांगत नाही त्याला ते देऊ नकोस.

माझा पाच महिन्यांचा खर्च एक लाख चाळीस हजारांच्या आसपास गेला. बंगळूरुहून बँकॉकमार्गे जाण्यायेण्याचं तिकीट, व्हिसा, विमा, आणि राहण्या-जेवणाचे त्या घराला महिन्याला १५० डॉलर. तिथं डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, चार हजारांच्या आसपास रिएल म्हणजे एक डॉलर. पहिल्या दिवशी खिशात लाखभर रिएल घेऊन मी स्वतःला मोठी असामी समजत होते. खर्चाचे पैसे दोन वर्षं ट्यूशन घेऊन साठवले होते. हे फुकटचं काम पैसे असणाऱ्यालाच परवडतं, हे त्यातलं खटकणारं आहे आणि ते मी झाकत नाही.

पर्यटकांचा व्हिसा तीस दिवसांचा, एकदाच महिनाभर वाढवून मिळतो. त्याहून जास्त राहून शाळेत काम करायचं तर सुरुवातीलाच ‘ई’ वर्गाचा साधारण व्हिसा घे, तो पुढं वाढवता येतो. पासपोर्टसाठी पूर्वी हुबळी गाठावी लागायची, आता बेळगावात पोस्टातही काम होतं. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला काढून ठेव. चांगली शाळा तो मागतेच. जी मागत नाही, कुणालाही सरळ मुलांमध्ये सोडते, तिथं जाऊ नकोस.

आणि ‘अनाथाश्रमात मुलांना शिकवा’ अशी जाहिरात दिसली तर पान उलट. कंबोडियात अशा अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून मुलं घरातून आणून ठेवली जातात. युनिसेफसारख्या संस्था हे वर्षानुवर्षं सांगताहेत. महिन्याला नवी ताई येते, लळा लावते आणि फोटो काढून जाते.

आमचं माळकरी घर. मुलगी तुमचा लेख वाचून मला पण जायचं म्हणून बसलीय. तिकडं खायला काय मिळतं, आणि एकट्या मुलीनं जाणं बरं का?
— एक आई, अथणी

काकू, खाण्याचं जरा कठीण आहे, पण उपाशी राहणार नाही. भात तिन्ही वेळा. भाजीतसुद्धा ‘प्रहोक’ असतं, म्हणजे आंबवलेल्या माशांचा गोळा. त्याचा वास सुकटीलाही लाजवेल. तिला एक शब्द पाठ करायला सांगा, ‘बुअस’. बौद्ध भाविक शाकाहारी जेवण घेतात त्याला तो शब्द आहे. ‘न्याम बुअस’ म्हटलं की बाई समजूतदारपणे मान हलवते आणि वेगळ्या कढईत करते. माशांचा सॉस तरीही कुठून तरी येतोच, तेवढं पांडुरंगावर सोडावं लागेल. सोबत मेतकूट आणि शेंगाचटणी द्या. मी कुंदाही नेला होता, शिक्षकांच्या खोलीत डबा दहा मिनिटं टिकला नाही.

मी ज्या घरी होते तिथल्या आजी, ‘येय’ म्हणायचं त्यांना, रोज शाळेतून आले की विचारायच्या, ‘न्याम बाय हय?’ भात खाल्लास का? आपण ‘जेवलीस काय’ म्हणतो, आपले कन्नड शेजारी ‘ऊटा आयता’ म्हणतात, तसंच. बोलायला दुसरं काही येत नसलं तरी त्या एका प्रश्नावर आमची संध्याकाळ निघायची.

एकटीनं जाण्याचं: घर, शाळा आणि सोबत कोण हे आधी ठरलेलं असेल तर मला भीती वाटली नाही. भीतीच्या गोष्टी वेगळ्या आहेत. दिवसा चावणारा डास आणि डेंग्यू. हेल्मेट न घालता मोपेडवर बसणं. आणि बाट्टम्बांगच्या बाजूला जुन्या युद्धातले भूसुरुंग अजून निघतात. आमचं गाव साफ केलेलं होतं, तरी पहिल्या दिवशीच बजावलं होतं की मळलेली वाट सोडून शेतात शिरायचं नाही. लाल पाटीवर कवटी दिसली तर आल्या पावली मागं. हे मी घरी परतल्यावर सांगितलं. तुम्ही तुमच्या मुलीला आधी सांगा.

मी ३१ वर्षं सीमाभागात मराठी शाळेत शिक्षक होतो. आज त्याच शाळेत पहिलीला चार मुलं आहेत. १९५६ पासून आपण भाषेसाठी भांडतो आहोत. आणि आपल्या शिकलेल्या मुली कंबोडियात जाऊन फुकट इंग्रजी शिकवतात, वर त्याचं कौतुक छापून आणतात. तिथं काय शिक्षक नाहीत? आणि ज्या इंग्रजीनं आमच्या शाळा रिकाम्या केल्या तीच तिकडं नेऊन पेरायची?
— एक निवृत्त गुरुजी, बेळगाव तालुका

गुरुजी, तुमचं पत्र तीनदा वाचलं. कौतुकाचा टोला बसला. लेखासोबतचा तो मुलांच्या गराड्यातला फोटो द्यायला नको होता.

तिथं शिक्षक नाहीत का, तर एके काळी खरोखरच नव्हते. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाची सत्ता होती. त्यांनी शाळा बंद केल्या, शिकल्यासवरलेल्यांना वेचून मारलं. त्या जवळपास चार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसं गेली असं मानतात. राजधानीतला त्यांचा सर्वांत भयंकर तुरुंग, तुओल स्लेंग, ही मुळात एक शाळा होती. मी गेले होते बघायला. वर्गखोल्या वर्गखोल्यांसारख्याच आहेत, तेवढंच मला लिहिता येतं. आमच्या येयचे थोरले भाऊ शिक्षक होते. ते एका सकाळी बोलावणं आलं म्हणून गेले. येय हे सांगताना भाजी निवडत होत्या आणि निवडतच राहिल्या. त्यानंतर ज्यांना जेमतेम लिहितावाचता येत होतं अशांना उभं करून त्या देशानं शाळा पुन्हा सुरू केल्या. आता शिक्षक आहेत. आमच्या वर्गातले सर माझ्यापेक्षा फार चांगलं शिकवतात, इंग्रजी बोलायचा सराव फक्त त्यांना नव्हता. त्यामुळे खरं सांगायचं तर मी ४१ मुलांना नाही, त्या एका सरांना उपयोगी पडले असेन. मुलं त्यांच्याकडेच राहणार होती.

आता इंग्रजी पेरण्याचं. तिथल्या सरकारी शाळेत गणित, विज्ञान, इतिहास बारावीपर्यंत खमेरमधून चालतं. इंग्रजी हा एक तास. ती शिकायला कुणाला आपली शाळा सोडावी लागत नाही. आपल्याकडे पोराला इंग्रजी यावी म्हणून आईबाप त्याला मराठीतूनच उचलतात, कारण इंग्रजी ही भाषा नसून एक वेगळी इमारत आहे, पिवळी बस असलेली, असं आपण ठरवून टाकलंय. तुमच्या पहिलीतली उरलेली मुलं त्या बसमधून गेली. ती माझ्यामुळे गेली नाहीत, पण मराठी शाळेतलं आमचं इंग्रजी धड असतं तर त्यातली काही थांबली असती असं मला वाटतं. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित.

तिथल्या मुख्याध्यापकांनी मला एक गोष्ट सांगितली, ती तुम्हाला आवडेल. फ्रेंचांचा अंमल असताना, १९४३ साली, फर्मान निघालं की खमेर भाषा यापुढं रोमन अक्षरांत लिहायची. ती अक्षरं म्हणे सोपी आणि आधुनिक. भिक्खूंनी विरोध केला, ज्या अक्षरांत धर्मग्रंथ आहेत ती टाकून कशी देऊ म्हणून. १९४५ साली ते फर्मान मागं गेलं. ही हकिगत सांगून त्यांनी विचारलं, तुमच्याकडं अक्षरांवरून भांडण नाही ना? मी त्यांना बेळगावच्या पाट्यांवरून चाललेल्या कन्नड-मराठीच्या भांडणाबद्दल सांगितलं. बराच वेळ लागला सांगायला. ते म्हणाले, मग तुमच्या दुकानदाराला पाटीवर तीन लिप्यांचा खर्च येत असेल.

आमचंही घर १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवाला, दार बंद ठेवणारं आहे, गुरुजी. पण बैलहोंगलच्या दोन वर्षांनी मला कन्नडही दिली आणि ती आता मला परकी वाटत नाही. माझं भांडण एवढ्याचंच उरलंय की तेरा वर्षांच्या पोरीला न कळणाऱ्या भाषेत विज्ञान शिकवायचं आणि वर ‘कळलं का’ विचारायचं. ते कन्नडमधून झालं तरी वाईट, इंग्रजीतून झालं तरी वाईट, आणि उद्या सत्ता आपली आली म्हणून कुणा कन्नड पोरीला मराठीतून झालं तरी तितकंच वाईट.

जूनपासून दर शनिवारी, सकाळच्या शाळेला, मी आमच्या गावच्या मराठी शाळेत तास घेते. चौथी ते सातवी मिळून २२ मुलं. साप, कागदाचा कपटा, सगळं तेच. तुमची शाळा माझ्या गावापासून लांब नसेल तर आठवड्यातला आणखी एक दिवस माझ्याकडे आहे. मोपेड आहे. मासिकाच्या पत्त्यावर कळवा.

ताई, मी सहावीत आहे. तिकडची मुलं आम्हाला पत्र लिहितील काय?
— येळ्ळूर

लिहितील की. आधी तू लिही. मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी सगळी एकत्र करून पोस्टात टाकते. इंग्रजीत चार ओळी पुरे: नाव, शाळा, घरी कोण कोण, आणि काल काय केलंस. चुका होऊ देत. राजहंसगडाचं चित्र काढ, किल्ला त्यांना ओळखता येईल. आणि तुझं नाव खाली मराठीतही लिही, मोठ्या अक्षरात. पिवळ्या रबरबँडवाल्या मुलीला आपली अक्षरं बघायची आहेत, तिनं दोनदा विचारलंय. शाईचं पेन वापरू नको, तिकडं पावसाळा चालू आहे.